फणसाचा पाळणा

काय झालंय असं कुणी विचारलं तर मी "फुप्फुसं" एवढंच सांगतो. एका शब्दात भागतं. पूर्ण वाक्य बोलायला गेलो तर मध्येच थांबावं लागतं, आणि मी थांबलो की समोरच्याचा चेहरा इतका उतरतो की मलाच त्याची समजूत काढावी लागते. लिहिताना तेवढा दम लागत नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

आधीच सांगून टाकतो, हे बऱ्या झालेल्या माणसाचं लिखाण नाही. मी बरा होणार नाही. आमच्या डॉक्टरबाई फार सभ्य आहेत, त्या म्हणतात, "जे उरलंय ते टिकवायचं, काका." मला इस्पितळात असंच एक पुस्तक वाचायला दिलं होतं, आजाराशी झुंज देणाऱ्यांचं. त्यातली माणसं शेवटी शेवटी डोंगर चढत होती. मला घरातल्या मोरीपर्यंत जायला भिंत धरावी लागते. मी ते पुस्तक शेजारच्या खाटेवर देऊन टाकलं. ज्यांना डोंगर चढायला जमणार नाही त्यांच्यासाठीही कुणीतरी लिहायला हवं.

लाकूड

आम्ही दहिवलीत राहतो. माझी नोकरी खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात, स्टोअरमध्ये. नोकरीचा आणि लाकडाचा काही संबंध नाही. आमच्या घरात कधी कुणी सुतारकाम केलेलं नाही. लग्न झाल्यावर सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, पोळपाट हवा होता. बाजारातला डगडगायचा म्हणून मी घरी एक केला. तोही डगडगला. मला त्याचा राग आला आणि मी दुसरा केला. तिथून जे लागलं ते सुटलं नाही. पाट, चौरंग, देव्हारा, भांड्यांची मांडणी, प्राजूचं अभ्यासाचं टेबल, तिच्या लग्नात दिलेला पलंग. प्राजू आमची एकुलती मुलगी. नात्यात कुणाचं लग्न निघालं की सुनंदा आहेराचं पाकीट देऊ द्यायची नाही. यांच्या हातचा चौरंग देऊ, म्हणायची. मला तोंडावर कधी चांगलं म्हणाली नाही, पण दुसऱ्यांना सांगताना मी ऐकलंय.

सुट्टीच्या दिवशी मागच्या पडवीत काम चालायचं. तोंडाला फडकं बांधलं की उकडायचं आणि चष्म्यावर वाफ धरायची, म्हणून मी बांधायचो नाही. भुसा वाया जाऊ द्यायचा नाही हा सुनंदाचा नियम. ती तो पोत्यांत भरून पडवीतच ठेवायची, अंघोळीच्या पाण्याच्या शेगडीला. पावसाळ्यात पोती ओल धरायची, बुरशी यायची. नंतर ती उपसली की पांढरट धुरळा उडायचा आणि आम्ही दोघं शिंकत हसायचो. हे वाचणाऱ्यांत कुणी घरी लाकूड कापत असेल तर त्याने कृपा करून तोंड बांधावं. उकडलं तर उकडू द्यावं.

गेल्या थंडीत प्राजूला दिवस गेल्याचं कळलं. ती नेरळला दिलेली आहे. आमच्यात पहिल्या बाळाचा पाळणा आजोळहून जातो, पण बाळ यायच्या आधी तो करायचा नाही, घरात आणायचाही नाही, अशी रीत. मला धीर निघेना. पळसदरीला मेव्हण्याच्या बांधावरचा फणस आधी कधीतरी वादळात पडला होता, त्याच्या फळ्या माझ्याकडे वाळत पडल्या होत्या. छान पिवळ्या, हळद लावल्यासारख्या. मी एक युक्ती काढली. पाळण्याचे सगळे भाग कापून, रंधून, खाचा पाडून तयार ठेवायचे, फक्त जोडायचे नाहीत. बाळ आलं की एका दुपारीत पाळणा उभा.

सुनंदाने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "जोडला नाय तवर तो पाळणा नाय. नुसती लाकडं हायत."

देवाला काय तुमच्या खाचा मोजायच्यात का, असं काहीतरी ती पुटपुटली. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. खोकला तेव्हा सुरू झाला होता. स्टेशनचा पूल चढताना छाती भरून यायची. वय झालं, असं मी सगळ्यांना सांगत होतो आणि फळ्या घासत होतो.

फोटो

निदान झालं तो दिवस मी विसरू शकत नाही, कारण त्या दिवशी मी स्वतः हौसेने डॉक्टरांना सगळं दाखवलं.

पनवेलच्या इस्पितळात छातीचा स्कॅन झाला होता, नळीत फुंकायची तपासणी झाली होती. डॉक्टरबाई बराच वेळ प्रश्न विचारत होत्या. कबुतरं पाळता का, कोंबड्या आहेत का, कारखान्यात धूळ असते का. सगळ्याला मी नाही म्हणत होतो आणि आपल्याला काही झालेलं नाही असं मला वाटायला लागलं होतं. मग त्यांनी विचारलं, घरी काय करता, काही छंद? मला बरं वाटलं. मोबाइल काढून मी त्यांना फोटो दाखवायला लागलो. हा देव्हारा, हा मुलीचा पलंग, ही मांडणी. एकेक फोटो त्या नीट बघत होत्या. मला वाटलं, बाईंना आवड दिसतेय. शेजारी सुनंदा बसली होती, तिलाही हुरूप आला. भुसासुद्धा आमी फेकत नाय, ती म्हणाली, पोती भरून ठेवतो.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "काम सुंदर आहे, काका," त्या म्हणाल्या. "पण हेच आहे."

पुढचं त्यांनी सांगितलेलं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. लाकडाची धूळ, भुशातली बुरशी, वर्षानुवर्षं आत जात राहिली. फुप्फुसं आतून कडक झाली आहेत. मागे फिरवता येणार नाहीत. सुनंदाचीही तपासणी केली, तिची फुप्फुसं स्वच्छ निघाली. ते का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. एका घरात, एकाच हवेत आम्ही दोघं राहिलो. देवाची एवढी एक कृपा मी मानतो आणि बाकी सगळ्यासाठी त्याच्याशी बोलणं टाकलं आहे.

परत येताना रिक्षा केली. चौक गाव मागे पडल्यावर सुनंदा एकदम म्हणाली, "ती पोती मीच भरत व्हते."

तिला काहीतरी सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत ती बाहेर बघायला लागली होती.

वॉर्ड

नंतर मला दाखल केलं. वॉर्डात सकाळ व्हायची ती बोटाला चिमटा लावून. त्यावर आकडा येतो, रक्तात प्राणवायू किती त्याचा. परीक्षेच्या मार्कांसारखी सगळ्यांची नजर त्या आकड्यावर. समोरच्या खाटेवरचे एक म्हातारे गृहस्थ मला रोज हात करून विचारायचे, तुमचा किती? माझा जास्त आला की त्यांचं तोंड पडायचं आणि त्यांचा जास्त आला की माझं. माणूस इतका हलका होतो, हे मला माहीत नव्हतं. एके दिवशी त्यांच्या खाटेवर स्वच्छ चादर होती. त्या दिवशी मी माझा आकडा बघितला नाही.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तोंड सुजलं, भूक राक्षसासारखी लागायची आणि खाताना दम लागायचा. एक आया होत्या, त्या माझा चहा बशीत ओतून द्यायच्या. कपाने प्यायचं तर श्वास रोखावा लागतो आणि तो मला रोखता येत नाही, हे त्यांना न सांगता कळलं होतं. बशीने एक भुरका, मग थोडं थांबायचं, मग दुसरा. कुणाला ही गरज पडली तर बशी मागून घ्या, लाजू नका. माझ्याकडे देण्यासारखा सल्ला म्हणाल तर एवढाच आहे.

घर

घरी आलो तर मागची पडवी धुतलेली, रिकामी. पोती गेली होती, फळ्या गेल्या होत्या, हत्यारं गोणीत बांधून माळ्यावर टाकलेली. सुनंदाने भिंतींनाही चुना लावून घेतला होता. मला ते बघून मेल्यासारखं वाटलं, आणि ती बिचारी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, शाबासकीसाठी.

पाळण्याचे भाग तेवढे तिने ठेवले होते. बाळासाठी केलेली वस्तू जाळता येईना आणि दुसऱ्याला देता येईना. ओल्या फडक्याने पुसून, जुन्या लुगड्यात गुंडाळून ते तिने माझ्या खाटेखाली सरकवले होते. मी दिवसभर त्यांच्यावर निजायचो. ऑक्सिजनचं मशीन उशाशी घरघरत असायचं.

एकदा मला पेज भरवताना ती म्हणाली, "बाळावरचं तुमच्यावर आलं."

रागाने नाही म्हणाली. तिच्या मनात ते केव्हाच ठरून गेलं होतं. मी पाळणा आधी कापायला घेतला, आणि जे पोरीच्या पोटातल्या जिवावर येणार होतं ते माझ्यावर आलं. मी विचारलं, मग बरं झालं म्हणायचं का गं? ती वाटी घेऊन आत गेली. बराच वेळ नळाचं पाणी वाहत होतं. मी खाटेवर पडून रडलो. रडायलाही श्वास लागतो, ते मी तेव्हा शिकलो.

पहिलं बाळंतपण माहेरी, पण प्राजू आली नाही. माझा खोकला, घरातलं मशीन, येणारीजाणारी माणसं. तिच्या सासरच्यांनी नाही म्हटलं आणि डॉक्टरांनीही. कुणाचंच चुकलं नव्हतं. मला तेव्हा एकच गोष्ट हवी होती. हे बाळ मला ओळखणार नाही हे मी मान्य केलं होतं. त्याला बोलता येईल तेव्हा मी नसेन. पण माझ्या हातचं काहीतरी त्याच्या पाठीखाली असावं. एवढं झालं की बाकीचं मी मुकाट्याने सोसेन, असं मी मनाशी कबूल केलं होतं.

रंधा

श्रावणात प्राजूला मुलगी झाली. जावयांचा फोन आला तसं सुनंदाने खाटेखालचं लुगडं ओढून जमिनीवर सोडलं. आता जोडायला कुणाची हरकत नव्हती. मी खुर्चीत बसून एक टोक हातात घेतलं, खाचेला लावलं. जाईना. दुसरं लावलं, तेही जाईना.

लाकूड फुगलं होतं. थंडीत, कोरड्या हवेत मी मापं घेतली होती आणि जोडायचा होता भर पावसात. आमच्याकडच्या पावसात दारं बसत नाहीत, पेटीचं झाकण लागत नाही, हे शेंबड्या पोराला माहीत असतं. शिवणीचं लाकूड असतं तर एवढं फुगलं नसतं. फणसच तो. युक्ती काढण्याच्या नादात मी पावसाळाच विसरलो होतो.

केसभर रंधायचं होतं, बास. पण रंधा म्हणजे धूळ, आणि धूळ म्हणजे मी पुन्हा वॉर्डात. सुतार सणावारांत अडकलेला होता आणि बारसं तोंडावर आलं होतं. मी म्हणालो, राहू दे. सुनंदाने ते कानाआड केलं. तिने शिडी लावली, माळ्यावरची गोणी खाली घेतली आणि भाग उचलून गल्लीच्या टोकाला शेजाऱ्यांच्या रिकाम्या गोठ्यात नेले. तिथून तिने मला फोन लावला. "सांगा आता," म्हणाली.

आयुष्यात तिने रंध्याला हात लावला नव्हता. मला काही दिसत नव्हतं, फोनमधून नुसता आवाज येत होता. पण रंध्याचा आवाज मला कळतो. खडखडला की पातं जास्त बाहेर आलंय. गप्प झाला की नुसता घसरतोय. हलका हात, मी सांगायचो. मागून ठोक, पातं आत जाईल. लाकडाच्या रेषेच्या उलट जाऊ नको. दोन शब्द बोलायचे आणि थांबायचं. ती तिकडे थांबून राहायची. एकदा आवाज असा लागला, लांब, सुरेख, सळसळत, की माझ्या अंगावर काटा आला. मी तिला म्हणालो, हा, असा. तिने विचारलं, कसा? 

एक टोक तिच्याकडून जास्त घासलं गेलं, खाचेत खुळखुळायला लागलं. तिथे पाचर मारायला सांगितली. पाचर मारणाऱ्यांना मी जन्मभर हसत आलो होतो. संध्याकाळी ती शेजारीच अंघोळ करून, कपडे बदलून मग घरात आली. तळहातावर फोड होता. लई जड काम हाय वो, एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना हाताशी घेऊन तिने पाळणा गोठ्यातच ठोकून जोडला, पुसून आणला आणि माझ्या खोलीत झोपाळ्याच्या कड्यांना टांगला. वजनाला तांदळाची गोणी ठेवून बघितली. कुरकुरला नाही. मला त्या संध्याकाळी आनंद झाला होता. तो मुद्दाम लिहून ठेवतो, कारण त्यानंतर झालेला नाही.

फोन

बारशाच्या आदल्या दिवशी प्राजूचा फोन आला. पाळणा न्यायला टेंपो ठरला होता. तिने माझी चौकशी केली, आकडा विचारला.

"बाबा, पाळणा नका पाठवू," ती म्हणाली. "त्याच लाकडानं तुमचं असं झालं. तिच्या नाकाशी मला ते नको."

मग तिने उरलेलंही सांगून टाकलं. पलंगही त्यांनी खोलीतून काढून बाहेर ओट्यावर ठेवला होता, ती बाळंतीण होऊन घरी आली त्याच दिवशी. रडत होती.

तयार झालेल्या लाकडाने काही होत नाही. धुरळ्याने होतं. डॉक्टरबाईंनी मला ते स्पष्ट सांगितलं होतं आणि मी प्राजूला समजावू शकलो असतो. पण त्याला सलग पाचसहा वाक्यं लागली असती, ठामपणे, मध्ये न थांबता. मी पहिलं वाक्य सुरू केलं आणि खोकलो. खोकला लवकर थांबला नाही. तिकडे ती ऐकत होती. तो ऐकून तिला जे पटायचं ते पटलं. मग मी म्हणालो, "बरं बाळा."

खरं सांगू? तिच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. म्हणूनच ते सोसवत नाही. तिच्यावर रागावता येत नाही आणि लाकडावर रागवावं तर जन्म त्यातच गेला. जी वस्तू माझ्या मुलीने माझी म्हणून जपायची, तिची तिला भीती वाटते. आजार माझ्या छातीत राहिला असता तर चाललं असतं. तो माझ्या हाताने केलेल्या प्रत्येक वस्तूत शिरला आहे, आणि हे कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही.

सुनंदा मात्र फोड आलेला हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

बारसं

बारशाला सुनंदा एकटी गेली. शेजारच्या वहिनी माझ्याजवळ बसल्या आणि जावयांनी मोबाइलवर मला समारंभ दाखवला. कुणाकडून तरी आणलेला स्टीलचा पाळणा, त्याला प्लास्टिकच्या फुलांच्या माळा. बाळाआधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात, तसं निजवलं. तो दगड पाळण्याखालून वरून दिला-घेतला आणि मग बाळाची पाळी आली. नाव सांगितलं तेव्हा सगळ्या बायका एकदम बोलल्या आणि इकडे मशीनची घरघर. मला ऐकूच आलं नाही. सुनंदा घरी आल्यावर कळलं, स्वरा.

आमचा पाळणा कड्यांना तसाच आहे. तो उतरवायला दोन माणसं लागतात आणि दुसऱ्या माणसात मी धरला जात नाही. शेजाऱ्यांना बोलवावं तर काय झालं ते सांगावं लागेल. खिडकीतून वारा आला की तो आपोआप हलायचा. रिकामा पाळणा हलणं वाईट, असं सुनंदाला वाटतं. पोरीला अजून दुसरं व्हायचंय, घरात काही अभद्र नको. मी एकदा जेवणानंतर डोळा लागून उठलो तर पाळण्यात तिने आमच्या घरचा वरवंटा निजवला होता. नातीसाठी शिवलेली, न नेलेली कुंची त्याला घातलेली, तिचे बंद बाळाच्या हनुवटीखाली बांधावे तसे बांधलेले. मी तिच्याकडे बघितलं, ती भांडी विसळत राहिली.  तेव्हापासून तो तिथेच असतो.

चटणी मिक्सरवर होते, त्यामुळे अडत नाही. पण पावसात लाइट जाते. मग मशीन बंद पडतं, सुनंदा मला सिलेंडर लावून देते, नळी नीट बसली का बघते, आणि वरवंट्याची कुंची सोडून त्याला बाहेर काढते. पाटा मागे आहे. जाताना मला सांगते, "धरा वो जरा. हलू देऊ नका."

मी उठून बसतो आणि पाळण्याची कड धरतो. चटणी वाटून, वरवंटा धुऊन, पुसून ती परत येईपर्यंत मी धरून बसतो.